एका तारेच्या शोधात

मराठी भाषेत 'तार' या दोन अक्षरांच्या शब्दाने जितके संसार थाटले आहेत, तितके दुसऱ्या एखाद्या शब्दाने क्वचितच थाटले असतील. मनाशी मन मिळाले की तार जुळली. बोलता बोलता विषयाचा धागा हरवला की तार तुटली. आणि पैठणीचा पदर उन्हात झळकला की तो जरतारी! आमच्या आजोबांच्या पिढीस 'तार आली' एवढे दोन शब्द कानी पडताच घाम फुटत असे. ती सरकारी तार जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली आणि तिच्याबरोबर ती धास्तीही गेली. आम्हां तिघां भावंडांस मात्र गतवर्षी एका निराळ्याच तारेने आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत स्वस्थ बसू दिले नाही. ती तार होती एका गिटारीची. आणि गिटारही अशी की जिला डोके नाही व पडदेही नाहीत.

'बिनडोक' हा शब्द आपल्याकडे स्तुतीसाठी वापरीत नाहीत, म्हणून या वाद्याची थोडी कैफियत प्रथमच मांडणे उचित होईल. सतारीच्या दांडीच्या टोकास जशा खुंट्या असतात, तशाच साध्या गिटारीच्याही मानेच्या टोकास असतात. त्या टोकासच गिटारीचे डोके म्हणतात. खर्जाच्या गिटारीची मान लांब आणि खुंट्या वजनदार; त्यामुळे वादकाने हात सोडला की वाद्य मान टाकते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील नेड स्टाइनबर्गर या गृहस्थांनी या दुखण्यावर उपाय काढला तो असा की, डोकेच उडवून टाकले! हे गृहस्थ मूळचे लाकडी सामानाचे रचनाकार. त्यांनी खुंट्यांचे काम वाद्याच्या दुसऱ्या टोकास, घोडीपाशी नेले, आणि लाकडाऐवजी कार्बनचे तंतू व राळ यांपासून सबंध वाद्य घडविले. पुढे अनेक कारखान्यांनी त्या धर्तीची वाद्ये काढली. आमच्या घरी जे वाद्य आहे ते अशांपैकीच एक. मात्र त्याची मान लाकडाची आहे, आणि कारखान्याचे नाव घासून घासून केव्हाच पुसले गेले आहे.

पडदे नसण्याची गोष्ट आपणां भारतीयांस अधिक लवकर उमगावी. सतारीस पडदे आहेत, परंतु सरोदास नाहीत, सारंगीस नाहीत, व्हायोलिनलाही नाहीत. जेथे पडदा नाही तेथे स्वराचे ठिकाण दाखविणारी पाटी नाही. ते बोटाने आणि कानाने शोधावयाचे. त्याचे बक्षीस म्हणून मींड मिळते. पाश्चात्त्य देशांत बिनपडद्यांची खर्जाची गिटार १९६६ पासून कारखान्यातून निघू लागली. जॅको पास्टोरियस नावाच्या तरुण वादकाने १९७६ साली आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तिला असे काही बोलके केले की, जगभरचे वादक आपापल्या गिटारींचे पडदे उपटू लागले. तार नुसत्या लाकडावर टेकली की तिच्यातून एक गुंजारव उठतो. तंबोऱ्याच्या जवारीची ज्यांना ओळख आहे, त्यांस तो परका वाटत नाही.

आता वाचक विचारतील की, असले परदेशी वाद्य कामरेजसारख्या गावी, खानदेशातून आलेल्या एका मराठी कुटुंबात कसे येऊन पडले? त्याचे उत्तर आमचे धाकटे काका. तरुणपणी ते दिवसा सुरतेच्या एका यंत्रमाग कारखान्यात काम करीत आणि लग्नसराईत रात्री एका ऑर्केस्ट्रात वाजवीत. तो ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा थकलेल्या मानधनापोटी त्यांनी हे वाद्य घेतले. दुसऱ्या कोणी ते घेण्यास तयार नव्हते, कारण पडदे नसलेल्या गिटारीवर बेसूर होणे फार सोपे असते.

काकांनी बावीस वर्षे मागावर काढली. यंत्रमागाच्या खडखडाटाने कान जातो तो एकाएकी जात नाही. प्रथम उंच स्वर जातात. सेकंदास सुमारे चार हजार कंपनांच्या आसपास पहिली खाच पडते आणि मग ती रुंदावत जाते. काकांना आधी पाखरांचा किलबिलाट ऐकू येईनासा झाला. मग कुकरची शिट्टी. मग 'स', 'श', 'त' ही अक्षरे एकमेकांत मिसळू लागली, आणि आई काय म्हणते ते तिच्या ओठांवरून ओळखण्याची त्यांना सवय झाली. श्रवणयंत्राने बोलणे पुष्कळ सावरले, परंतु गाणे सावरले नाही. त्यांच्या आवडीच्या बासरीचे सूर त्यांना कागद फाटल्यासारखे ऐकू येत. शाबूत राहिला तो खालचा भाग. चार तारांच्या या गिटारीवरील सर्वांत जाड तार सेकंदास अवघी ४१ वेळा थरथरते. ती छेडली की काका वाद्य छातीशी धरीत आणि डोळे मिटून घेत. एकदा ते आम्हांस म्हणाले, "बाकीचं गाणं मला आठवावं लागतं रे, हे एवढं अजून ऐकू येतं."

तीच तार आषाढात तुटली.

जाड तारा सहसा तुटत नाहीत; त्या हळूहळू मुक्या होत जातात. परंतु तापीकाठची पावसाळी हवा लोखंडाची मित्र नव्हे. घोडीवरून जेथे तार वळते तेथे गंज शिरला, वरचे वेटोळे उसवले, आणि एके दिवशी आतील गाभाच मोडला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी वाद्य पेटीत ठेवले आणि पेटी कपाटावर ठेवली. त्यानंतर संध्याकाळी ते दूरदर्शन संचासमोर बसत, पण आवाज बंद ठेवून. ते पाहिल्यावर आम्ही तिघांनी ठरविले की, काहीही होवो, तार आणावयाचीच.

कामरेज हे महामार्गावरचे गाव आहे. चार रस्त्यावर उभे राहिले तर मुंबई आणि अहमदाबाद यांमधील निम्मे मालट्रक समोरून जात असल्याचा भास होतो. येथे ट्रकच्या क्लचची तार मिळते, ब्रेकची तार मिळते, कुंपणाची काटेरी तार तर वजनावर मिळते. वाद्याची तार मागितल्यावर दुकानदाराने आम्हांस मोठ्या आपुलकीने गॅसशेगडी साफ करण्याची तारेची घासणी दाखविली. मग आम्ही सुरत गाठली. तेथील वाद्यांच्या दुकानांत सहा तारांच्या गिटारीचे संच टांगलेले होते. एका ठिकाणी खर्जाच्या गिटारीचेही होते. आमचा जीव भांड्यात पडला, पण तो क्षणभरच! आमच्या मोडक्या तारेच्या दोन्ही टोकांस पितळेचा एकेक मणी होता, आणि दुकानातील तारांस तो एकाच टोकास होता. साध्या गिटारीत एक टोक मण्याने अडकते आणि दुसरे खुंटीवर गुंडाळले जाते. आमच्या वाद्यास खुंटीच नाही. तेथे दोन्ही टोके खाचांत अडकवावी लागतात. शिवाय ताण देण्याच्या पेचाची धाव थोडी असल्यामुळे दोन मण्यांमधील अंतरही नेमके हवे. दुकानदाराने सारी हकिकत शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी विचारले, "डोकंच नाही, मग तार बांधणार कशाला?" प्रश्न रास्त होता.

दोन मण्यांच्या तारा परदेशांत होतात आणि मागविल्या तर येतातही. परंतु त्यांची किंमत व वर जकात मिळून होणारा आकडा पाहिल्यावर आईने तो कागद घडी घालून परत आमच्या हाती दिला.

अशा वेळी महाराष्ट्रातील माणसास मिरज आठवावी हे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला, आणि आज त्यांच्या वंशजांनी 'सतारमेकर' हे आडनावच धारण केले आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तेथे येतात आणि तंबोरे होऊन भारतभर जातात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. आम्ही तेथील एका कारागिरांस दूरध्वनी केला. त्यांनी आमचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाळांनो, तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार हवी तेवढी पाठवतो, पण ती तुमच्या वाद्यावर दोराच होऊन लोंबेल." का लोंबेल, असे विचारताच ते हसून म्हणाले, "ते तुमच्या शाळेत विचारा."

आम्ही शाळेत विचारले. विज्ञानाच्या बाईंनी तो तास आम्हांस कायमचा लक्षात राहील असा घेतला. मरीं मर्सेन नावाच्या फ्रेंच विद्वान धर्मगुरूंनी १६३६ साली तारेचे नियम छापून प्रसिद्ध केले. तार लांब तितका स्वर खाली. ताण अधिक तितका स्वर वर. आणि तार जड तितका स्वर पुन्हा खाली. आमच्या गिटारीवर चारही तारांची लांबी एकच, म्हणजे ३४ इंच, आणि ताणही जवळजवळ सारखा, प्रत्येकी वीस किलोंच्या आसपास. मग स्वर खाली न्यावयाचा तर वजनच वाढविले पाहिजे. सर्वांत बारीक तार सेकंदास ९८ वेळा थरथरते आणि सर्वांत जाड ४१ वेळा, म्हणजे सुमारे २.४ पट कमी. परंतु कंपने इतकी घटविण्यासाठी वजन २.४ पट वाढवून भागत नाही. ते त्या संख्येच्या वर्गाइतके, म्हणजे साडेपाच पटींहून अधिक वाढवावे लागते. आमच्या मोडक्या तारेची जाडी मोजली तर ती जवळजवळ २.७ मिलिमीटर भरली. तंबोऱ्याची तार तिच्यापुढे केसासारखी!

"मग तेवढ्या जाडीची सरळ सळईच का बसवू नये?" आमच्यातील धाकट्याने विचारले. बाई म्हणाल्या, "कारण सळई ताठ असते. ती वाकायला कुरकुरते, आणि तिचे वरचे सूर बिघडतात. आतला गाभा लवचिक हवा आणि वजन वरून चढवायला हवे." म्हणूनच पोलादी गाभ्याभोवती दुसरी तार घट्ट वेटोळी घालीत गुंडाळतात. वेटोळे गोल तारेचे असले तर ते कानशीसारखे लाकूड खाते; चपट्या पट्टीचे असले तर गुळगुळीत राहते. बिनपडद्यांच्या लाकडी मानेस दुसरा प्रकारच मानवतो, आणि आमची मोडकी तार त्याच प्रकारची होती.

'चपटी पट्टी गाभ्यावर गुंडाळणे' हे शब्द ऐकताच आमच्या वर्गातील एक मित्र उभा राहिला. त्याचे वडील जुन्या सुरतेत जरीच्या कारखान्यात काम करतात. तो म्हणाला, "बाई, हे तर बाबा रोज करतात."

पुढील रविवारी आम्ही तेथे होतो. येवल्याच्या पैठणीत जी जर झळकते, तिच्यापैकी पुष्कळशी सुरतेहून जाते हे आम्हांस ऐकून ठाऊक होते. ती कशी होते ते त्या दिवशी पाहिले. चांदीची तार एकाहून एक लहान छिद्रांतून ओढीत ओढीत बारीक करतात. मग ती दाबून चपटी करतात. त्या पट्टीस 'बादला' म्हणतात. हा बादला रेशमाच्या धाग्याभोवती वेटोळी घालून चढवितात, तो झाला 'कसब', आणि शेवटी त्यावर सोन्याचे पाणी. आता पुष्कळ ठिकाणी चांदीऐवजी तांबे आणि कोठे कोठे प्लॅस्टिकही येऊन बसले आहे, परंतु गुंडाळण्याची रीत तीच. मित्राच्या वडिलांबरोबर काम करणाऱ्या एका वृद्ध गुजराती कारागिरांनी आमची मोडकी तार हातात घेतली, नखाने तिचे उसवलेले टोक उचलले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आ तो जाडी जरी छे!"

ही तर जाडी जर आहे! आम्ही इतके महिने जिला परदेशी समजत होतो, तिची सख्खी बहीण आमच्या आईच्या लग्नातील शालूच्या काठांत होती. एक अंगावर मिरवावयाची आणि दुसरी ऐकावयाची, एवढाच काय तो फरक.

वृद्ध कारागिरांना आमची तार करून देणे शक्य नव्हते. त्यांची यंत्रे रेशमासाठी, पोलादासाठी नव्हेत. परंतु निरोप घेताना त्यांनी एक गोष्ट बजावली. "कसब कापावयाचा असेल तर आधी त्याचे तोंड बांधा, मग कात्री लावा. उघड्या तोंडाने कापला की वेढे सुटतात, आणि एकदा सुटले की ब्रह्मदेवालाही बसत नाहीत." ही एक ओळ आम्हांस दुकानांतील सगळ्या तारांहून मोलाची ठरली. कारण दोन मण्यांची तारच हवी, हा आमचा हट्ट तेथेच गळून पडला. एका मण्याची साधी तार घ्यावी, तिचे मोकळे टोक पक्के बांधावे आणि मगच कापावे. फक्त ते टोक धरून ठेवणारे काहीतरी हवे.

मुंबईचे मामा दिवाळीस आले तेव्हा धोबी तलावाच्या बाजूने चपट्या वेटोळ्यांच्या चार तारांचा संच घेऊन आले. तारेच्या शेपटीस रंगीत दोरा गुंडाळलेला पाहून आम्हांस पुन्हा जरीचीच आठवण झाली. धरून ठेवणारे 'काहीतरी' मात्र कामरेजातच सापडले. महामार्गालगत ट्रकचे सुटे भाग कातणारे एक लेथ-कारागीर आहेत. आम्ही वहीत आकृती काढून नेली: मानेच्या टोकावरील धातूच्या पट्टीमागे टेकेल असा बोटाच्या पेराएवढा ठोकळा, त्यात तारेपुरते आरपार छिद्र, आणि वरून दाबणारे दोन पेच. त्यांनी तो प्रथम पितळेचा करून दिला. आम्ही मोठ्या उत्साहाने तार चढविली. मध्यरात्री 'टण्' असा आवाज झाला आणि सगळे घर जागे झाले, एक काका सोडून. वीस किलोंच्या ओढीपुढे पितळेतील पेचांचे आटे झिजले होते. दुसऱ्या दिवशी लेथवाल्यांनी ठोकळा उलटसुलट करून पाहिला आणि एवढेच विचारले, "इतना ज़ोर किसका है?" आम्ही 'तारेचा' म्हणताच त्यांनी पोलादाचा तुकडा उचलला. तो ठोकळा तयार झाल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत. वाजवून दाखवा म्हणाले.

मार्गशीर्षातील एका संध्याकाळी ती तार बसली. आम्ही ती प्रथम ठोकळ्यातून ओवून घेतली, पेच आवळले, पक्कडीने टोक काटकोनात वाकविले, आणि मगच कापले. एकही वेढा सुटला नाही. घोडीकडील पेच फिरवीत फिरवीत स्वर वर आणला. शेजारच्या तारेचा स्वर हा या तारेचा मध्यम; तो मिळाला की झाले. आमच्या कानांना तो मिळालासा वाटला, तेव्हा आम्ही वाद्य काकांच्या हाती दिले.

त्यांनी श्रवणयंत्र काढून ठेवले. वाद्य छातीशी धरले, एकदा तार छेडली, आणि पेच केसभर सैल केला. पुन्हा छेडली, पुन्हा किंचित आवळला. तिसऱ्या वेळी त्यांचा हात थांबला. ध्वनिवर्धकाच्या पेटीवरील पाण्याच्या पेल्यात बारीक वर्तुळे उमटत होती. काकांनी सावकाश खर्जावरून मींड घेतली, पंचमापर्यंत, आणि परत उतरले. मग म्हणाले, "चढी लावली होती तुम्ही." ज्यांना आईची हाक ऐकू येत नाही, त्या काकांनी आम्हां तिघांच्या तरुण कानांतील चूक छातीने ओळखली होती!

एखादे यंत्र वा वाद्य विकत घेताना आपण त्याचा रंग पाहतो, किंमत पाहतो. ते मोडल्यावर कोणाच्या दारी जावे लागेल हे पाहत नाही. तंबोरा मोडला तर मिरज आहे, पैठणीची जर विटली तर सुरत आहे. या गिटारीस तसे माहेर नव्हते. ते मिरजेचे उत्तर, बाईंचा फळा, जरीकाराचे नख, मामांची पिशवी आणि लेथवाल्यांचा पोलादी तुकडा यांनी मिळून तयार झाले. यांपैकी एकानेही हे वाद्य पूर्वी पाहिलेले नव्हते. तरी प्रत्येकास त्याचा एकेक भाग ठाऊक होता.

संचातील उरलेल्या तीन तारा तेलाचे बोट लावून, कागदात गुंडाळून पेटीत ठेविल्या आहेत. पेटीच्या झाकणास आतून आम्ही एक कागद चिकटविला आहे. त्यावर ठोकळ्याची आकृती, छिद्राचे माप, प्रत्येक तारेची जाडी आणि खाली ठळक अक्षरांत एक वाक्य आहे: 'आधी तोंड बांधावे, मग कापावे.' काका आता रोज संध्याकाळी वाजवतात. रविवारी लेथवाले कधी कधी येऊन ऐकत बसतात. त्यांच्याही कानांस उंच स्वर हल्ली नीटसे लागत नाहीत, असे ते म्हणतात.